न उघडलेल्या बॉक्सांची वही: दुसऱ्या वर्षाची नोंद

गेल्या वर्षाच्या अखेरीस माझ्याकडे बेसबॉल कार्डांचे, म्हणजे पाकिटांतून विकल्या जाणाऱ्या खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांचे, चार न उघडलेले बॉक्स होते. आज तीन आहेत. टॉप्स कंपनीच्या १९८७ सालच्या दोन बॉक्सांपैकी एक मी जानेवारीत स्वतःच्या हाताने उघडला. दुसरा, तसेच अपर डेक कंपनीचा १९८९ चा आणि टॉप्सच्याच स्टेडियम क्लब मालिकेचा १९९१ चा, हे तीन जसेच्या तसे कपाटात आहेत. ज्या पाकिटासाठी मी हा छंद खऱ्या अर्थाने सुरू केला, ते फ्लिअर कंपनीच्या १९८६-८७ च्या बास्केटबॉल कार्डांचे एक पाकीट, अजूनही माझ्याकडे नाही. तरीही हे वर्ष वाया गेले असे मला वाटत नाही, कारण न उघडलेल्या बॉक्सात आपण नेमके काय विकत घेतो, हे या वर्षी मला पहिल्यांदा नीट उमगले.

नव्याने या छंदाकडे वळलेल्यांसाठी आधी एक खुलासा करतो. ‘सीलबंद’ हा शब्द मी जपून वापरतो. ऐंशीच्या दशकातील टॉप्सचा किंवा फ्लिअरचा बॉक्स कारखान्यातून प्लॅस्टिकच्या आवरणात येत नसे. तो दुकानाच्या गल्ल्याजवळ झाकण उघडून मांडण्यासाठी केलेला पुठ्ठ्याचा साधा डबा होता, आणि चिकटपट्टीने बंद केलेली असे ती फक्त अनेक डब्यांची मोठी पेटी. आतील पाकिटे मेणकागदाची, उष्णतेने चिकटवलेली. म्हणजे चाळीस वर्षे जुना बॉक्स हाती येतो, तेव्हा त्याचे झाकण मधल्या काळात कोणी उचलले होते की नाही, हे बॉक्स स्वतः सांगू शकत नाही. आज अशा बॉक्सांवर जे चकचकीत आवरण आणि तपासणीची पट्टी दिसते, ती बहुधा नंतरच्या तपासनिसाने लावलेली असते, आणि ती पेटी त्याच्यासमोर उघडली गेली असेल तर तशी वेगळी नोंदही त्या पट्टीवर केलेली असते. अशी नोंद असलेल्या बॉक्साला अधिक पैसे मोजावे लागतात आणि ते मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जानेवारीतील उघडणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण वर्षभरातील सर्वांत मोठा धडा तिथेच मिळाला. १९८७ च्या टॉप्स संचात ७९२ कार्डे आहेत. त्यांची लाकडाच्या फळीसारखी चौकट १९६२ च्या टॉप्स कार्डांची आठवण करून देते. बॉक्सात ३६ पाकिटे आणि प्रत्येक पाकिटात १७ कार्डे व बबलगमची एक वडी, म्हणजे एकूण ६१२ कार्डे. ही कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की चार जणांच्या कुटुंबाच्या बाहेरच्या एका जेवणाएवढ्या खर्चात पूर्ण बॉक्स मिळतो, म्हणूनच शिकण्यासाठी मी हा निवडला. न्यू जर्सीतील आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून, एकेक पाकीट क्रमांक घालून उघडले आणि प्रत्येक पाकिटातील कार्डांचा क्रम तिने वहीत उतरवला. गमची वडी बोट लागताच खडूसारखी भुगा होत होती. ज्या कार्डाला ती टेकलेली होती त्यावर तपकिरी डाग होता, तर घडीलगतच्या कार्डावर मेणाची पातळ साय चढलेली होती. मेण नायलॉनच्या जुन्या मोज्याने हलक्या हाताने पुसले की निघते; गमचा डाग मात्र पुठ्ठ्यात मुरलेला असतो आणि तो जात नाही.

खरी मौज त्या क्रमाच्या वहीत होती. कार्डे मोठ्या तक्त्यांवर छापून, कापून, यंत्राने गड्ड्यांत रचली जातात, त्यामुळे पाकिटांतील कार्डे वाटते तशी मुळीच विस्कळीत नसतात. लागोपाठच्या पाकिटांत तीच कार्डे त्याच क्रमाने एकमेकांच्या मागे येताना दिसली, जणू एखादी लांब लडी तोडून तिचे तुकडे पाकिटांत भरावेत. या संचातील दोन बड्या ताऱ्यांपैकी बॅरी बॉन्ड्सचे ३२० क्रमांकाचे कार्ड आमच्या बॉक्सात निघाले, मार्क मॅग्वायरचे ३६६ क्रमांकाचे निघाले नाही. पहिल्यांदा मनात शंका आली, पण वही चाळल्यावर समाधान झाले: जुन्या संग्राहकांनी मॅग्वायरच्या आगेमागे म्हणून नोंदवलेली कार्डेही आमच्याकडे आलेली नव्हती. म्हणजे लडीचा तो तुकडाच या बॉक्सात पडला नव्हता. आगेमागेची कार्डे जागेवर असती आणि मधला तारा तेवढा गायब असता, तर मात्र कोणीतरी पाकीट उघडून ते कार्ड काढून घेतले होते असे मानावे लागले असते. पाकिटाच्या मागच्या घडीवर भिंग धरून तासन् तास बसण्यापेक्षा हा क्रम कितीतरी अधिक बोलका साक्षीदार आहे. अडचण एवढीच की त्याची साक्ष पाकीट फोडल्यावरच मिळते.

हीच अडचण फ्लिअरच्या बाबतीत सर्वांत महाग पडते. टॉप्सने १९८१-८२ च्या हंगामानंतर बास्केटबॉल कार्डे काढणे थांबवले. मधल्या काळात स्टार कंपनीची कार्डे पिशव्यांतून विकली जात, पण देशभरच्या दुकानांत पाकिटातून मिळणारा संच पुन्हा आला तो फिलाडेल्फियाच्या फ्लिअरचा, १९८६ मध्ये. त्यामुळे आधीच्या काही वर्षांत एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये आलेले मायकल जॉर्डन, हकीम ओलाजुवॉन, चार्ल्स बार्कली, पॅट्रिक यूइंग, कार्ल मलोन हे सगळे एकाच संचात एकदम अवतरले. संच १३२ कार्डांचा, सोबत ११ स्टिकर. बॉक्सात ३६ पाकिटे, प्रत्येकात १२ कार्डे आणि एक स्टिकर. ४३२ कार्डांना १३२ ने भागले तर जॉर्डनचे ५७ क्रमांकाचे कार्ड एका बॉक्सात सरासरी तीनाहून थोडे अधिक वेळा येते, आणि एका पाकिटात ते असण्याची शक्यता अकरात एक. पाकिटाची किंमत याच हिशोबावर उभी राहते. पण ज्याला फ्लिअरचा क्रम पाठ आहे, त्याने बॉक्सातील काही पाकिटे उघडली तर जॉर्डन कोणत्या पाकिटांत असावा याचा अंदाज त्याला बांधता येतो. मग उरलेली पाकिटे सुटी विकली, तर घेणाऱ्याची शक्यता अकरात एक राहत नाही, ती शून्याकडे जाते. पाकीट खरे, घडी खरी, मेण खरे, आणि तरीही त्यातील आशा आधीच काढून घेतलेली. सुट्या पाकिटाविषयी माझी सावधगिरी या एका गोष्टीतून आली आहे.

मे महिन्यातील एका प्रदर्शनात मला असेच एक सुटे पाकीट दाखवण्यात आले. मागच्या घडीवर उष्णतेच्या पट्टीचा ठसा एकसारखा नव्हता. एका कोपऱ्यात मेण पसरून कागद काचेसारखा पारदर्शक झाला होता आणि घडीची रेघ दुहेरी दिसत होती. इस्त्री फिरवून पुन्हा चिकटवलेल्या पाकिटाची ही ओळखीची लक्षणे. ते कोणत्या बॉक्सातून आले, उरलेल्या पाकिटांचे काय झाले, असे मी विचारले, तेव्हा विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. वर्षभर साठवलेले पैसे खिशात ठेवूनच मी परतलो. त्या संध्याकाळी मन खट्टू झाले हे खरे, पण निर्णयाविषयी आजही शंका नाही.

न उघडलेल्या मालाची किंमत ठरते कशी, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण हॉकीचे आहे. कॅनडातील रेजायना शहरातल्या एका घरात ओ-पी-ची या कंपनीच्या १९७९-८० च्या हॉकी कार्डांची पूर्ण पेटी सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लिलावात तिला ३७.२ लाख डॉलरची बोली लागली. पेटीत १६ बॉक्स, बॉक्सात ४८ पाकिटे, पाकिटात १४ कार्डे, म्हणजे १०,७५२ कार्डे. ३९६ कार्डांच्या त्या संचातील हॉकीपटू वेन ग्रेटस्कीचे पदार्पणाचे कार्ड सरासरीने त्यात सत्तावीस वेळा यावे. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: त्याच ग्रेटस्की कार्डाची सर्वोच्च श्रेणीची एक प्रत २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला विकली गेली होती. एक निर्दोष कार्ड आणि सत्तावीस संभाव्य कार्डांची अख्खी पेटी यांना जवळपास सारखे मोल. हे विसंगत वाटेल, पण ओ-पी-चीची कार्डे तारेने कापली जात, त्यांच्या कडा खरबरीत येत, आणि त्या संचाच्या निळ्या चौकटीवर किंचितसा टवकाही लगेच उठून दिसतो. म्हणजे पेटीतून ताजे निघालेले कार्डदेखील निर्दोष असेलच असे नाही. बोली लावणारे हे सगळे जाणून होते. त्यांनी कार्डांपेक्षाही त्या पेटीत १९७९ पासून कोणाचाच हात गेला नाही, या खात्रीसाठी बोली लावली.

ती खात्री किती नाजूक असते हेही आपण पाहिले आहे. यूट्यूबर लोगन पॉल यांनी पोकेमॉन कार्डांच्या पहिल्या आवृत्तीची म्हणून ३५ लाख डॉलरला घेतलेली पेटी जानेवारी २०२२ मध्ये उघडली, तेव्हा आत जी. आय. जो या खेळण्यांच्या मालिकेची कार्डे निघाली, आणि ती पेटीही आधी तपासून खरी ठरवलेली होती. पोकेमॉन हा खेळाडूंच्या कार्डांचा विषय नसला तरी ही घटना प्रत्येक बॉक्स-संग्राहकाने लक्षात ठेवावी. बाहेरून केलेली तपासणी म्हणजे जाणकाराचे मत. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, याची अखंड साखळी त्याहून मोलाची असते.

जपणुकीबाबत थोडेसे. माळ्यावर उन्हाळ्यात मेण वितळते आणि तळघरात दमट हवेने पुठ्ठा फुगतो, म्हणून माझे बॉक्स घराच्या मधल्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात, ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत आहेत. १९८७ च्या कोऱ्या, खरबरीत पुठ्ठ्याची मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती स्टेडियम क्लबची, कारण त्या कार्डांच्या दोन्ही बाजूंना चमकदार लेप आहे आणि अशी कार्डे वर्षानुवर्षे दाबून राहिली की एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. वेगळी करताना रंग उपटतो. तो बॉक्स न उघडता ठेवण्यात अर्थ आहे का, याचा मी गंभीरपणे विचार करतो आहे. अपर डेकच्या बाबतीत उलट, फॉइलचे पाकीट मेणकागदासारखे इस्त्रीने पुन्हा चिकटत नाही, त्यामुळे मी निश्चिंत आहे. त्यात ७०० कार्डांच्या पहिल्या मालिकेतील ५४० आहेत आणि केन ग्रिफी ज्युनियरचे एक क्रमांकाचे कार्ड असण्याची शक्यता बरी आहे, पण तो मी उघडणार नाही.

टॉप्सचा दुसरा बॉक्स कधी उघडायचा, असे मुलीने जानेवारीतच विचारले होते. “बाबा, त्याच्यात मॅग्वायर असेल ना?” असेल, किंवा नसेल, असे मी तिला सांगितले, आणि तिने वहीचे पुढचे पान त्याच्यासाठी कोरे सोडून ठेवले. येत्या वर्षात मी सुट्या फ्लिअर पाकिटाचा शोध थांबवणार आहे. त्याऐवजी, पेटीतून निघाल्याची नोंद असलेला फ्लिअरचा बॉक्स जिथे अनेकजण मिळून घेतात आणि सर्वांसमोर उघडून पाकिटे वाटून घेतात, अशा उघडणीत एका पाकिटाचा वाटा घेण्यासाठी पैसे बाजूला ठेवतो आहे. आतापर्यंत निम्मी रक्कम जमली आहे. पाकीट मिळाल्यावर त्याचा बॉक्समधील क्रमांक, रांग आणि शेजारच्या पाकिटांतील कार्डे यांची नोंद इथे करीन.