सेशेल्सच्या बेटांमधून शिडाच्या नौकेने

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मी, माझी पत्नी, मेहुणा आणि त्याची पत्नी असे चौघे सांगलीहून मुंबईमार्गे सेशेल्सला गेलो आणि माहे, प्रालँ, क्युरिएझ व ला दिग या बेटांमध्ये सात दिवस शिडाच्या नौकेतून फिरलो. आयर्विन पुलाजवळ पोहायला शिकलेल्या आणि कृष्णेतील होड्यांच्या शर्यती घाटावरून पाहिलेल्या माणसाला आपण पाण्यातले जाणकार आहोत असे वाटत असते. पण नदीचे पाणी एका दिशेने जाते, तर समुद्रात वारा, लाटा आणि प्रवाह या तिघांच्या तीन दिशा असू शकतात, हे पहिल्या दोन तासांतच माझ्या पोटाला कळले. मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. ती डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घ्यावी.

जाण्याचा महिना वाऱ्याकडे पाहून ठरवावा. ही बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे चार-पाच अंशांवर, चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहेत. मे ते ऑक्टोबर तेथे आग्नेयेचा वारा वाहतो, डिसेंबर ते मार्च वायव्येचा, आणि मधल्या एप्रिल व नोव्हेंबरात तो बराच पडतो. पडलेल्या वाऱ्यात समुद्र शांत मिळतो, पण निम्मा प्रवास इंजिनावर करावा लागतो. आमचे शीड फुगवणारा आग्नेयेचा वारा पावसाळ्यात विषुववृत्त ओलांडून वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन सह्याद्रीवर येतो. कोयना भरणाऱ्या वाऱ्याला आपण त्याच्या माहेरी भेटलो, असे मेहुणा म्हणाला ते मला पटले.

आमच्यापैकी कोणाकडेही नौकानयनाचा परवाना नव्हता, म्हणून नौकेबरोबर स्थानिक तांडेल घेतला. माहे ते प्रालँ हे अंतर सुमारे 45 किलोमीटर, म्हणजे चोवीसेक सागरी मैल आहे. नौका ताशी पाच-सहा सागरी मैल जात असल्याने चार-साडेचार तास धरावेत. जाताना वारा उजव्या कुशीवर आणि परतताना डाव्या कुशीवर येतो, त्यामुळे दोन्ही वेळा नौका वेगात जाते, पण आडव्या लाटांनी डोलतेही. प्रालँहून ला दिग मात्र जवळ असूनही वाऱ्याच्या तोंडावर आहे, आणि तेथे नागमोडी जावे लागते.

सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो आणि काळोख फार लवकर पडतो. पाण्याखालचे प्रवाळ ऊन वर असतानाच नीट दिसते, म्हणून दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचावे. नांगर पांढऱ्या वाळूत टाकावा, प्रवाळावर कधीही टाकू नये, आणि खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडावी. बांधायला बोया असेल तेथे नांगर टाकूच नये. आग्नेयेच्या वाऱ्यात प्रालँचा वायव्य किनारा, म्हणजे आंस लाझिओ, आडोशाचा असतो. वायव्येच्या दिवसांत तीच जागा उघडी पडते.

तिसऱ्या दिवशी वारा वाढला आणि तांडेलाने ला दिगला जाण्यास स्पष्ट नकार दिला. मी घड्याळ दाखवत राहिलो, तो आकाश दाखवत राहिला. तो दिवस आम्ही क्युरिएझवर काढला, जेथे अल्डाब्राची महाकाय कासवे मोकळी फिरतात आणि खारफुटीतून जाणारी पायवाट एकेकाळच्या कुष्ठरोग वसाहतीच्या डॉक्टरांच्या घराकडे नेते. आपल्याकडे साधूंच्या हाती दिसणारा काळा कमंडलू ज्या दर्याई नारळाचा असतो, त्याची झाडे निसर्गतः फक्त प्रालँ आणि क्युरिएझ येथेच वाढतात. वनस्पतीसृष्टीतील हे सर्वांत मोठे बी आहे. प्रालँवरील व्हॅले द मे हे त्याचे वन 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहे. नारळ विकत घेतल्यास अधिकृत प्रमाणपत्राशिवाय देशाबाहेर नेऊ नये. ला दिगला आम्हाला जेमतेम अर्धा दिवस मिळाला. तेथे सायकल घ्यावी.

भारतीयांना आधी व्हिसा लागत नाही, पण प्रवासाची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावीच लागते. सामान मऊ पिशव्यांत न्यावे, कारण नौकेत कडक बॅगा ठेवायला जागा नसते. गोडे पाणी टाकीत मोजकेच असते. चौघांनी सांगलीसारख्या बादल्या ओतल्या तर तिसऱ्या दिवशी टाकी वाजते. भडंग दमट हवेत एका रात्रीत सादळले, बेदाणे मात्र शेवटपर्यंत पुरले. नौका ताब्यात घेताना छोट्या रबरी होडीच्या पंख्यासकट सगळ्याची छायाचित्रे काढावीत; आम्ही काढली नाहीत, आणि मला आजही जुनाच वाटणाऱ्या एका ओरखड्यापोटी अनामतीतून रक्कम कापली गेली. परतीच्या विमानाआधीची एक रात्र जमिनीवर काढावी. आम्ही ती माहेवर काढली, आणि न्हाणीघरात उभे असतानाही मला भिंतीला हात लावूनच उभे राहावे लागत होते.