आमची वाटचाल: टिळकवाडीतून चालणारा ऑनलाइन गेम

आम्ही जुगार चालवत नाही. हे वाक्य बँकेच्या प्रत्येक अर्जात, पेमेंटच्या प्रत्येक करारात लिहून देता देता आमची एवढी वर्षं गेली आहेत, की वाटचाल लिहायला बसल्यावरही पहिलं तेच सुचलं. आम्ही ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम चालवतो. खेळाडू महिन्याची वर्गणी भरतो, आमच्या दुनियेत येतो, शिकार करतो, बाजार करतो, टोळी बांधतो. त्यात पैसे लावायचे नाहीत आणि त्यातून पैसे मिळत नाहीत. एवढं साधं असूनही यावरूनच आमची फर्म बुडायची वेळ आली. तो भाग सविस्तर सांगणार आहे.

भागीदार तिघे. मी बेळगावचाच. पुण्यात आणि बंगळूरमध्ये परदेशी स्टुडिओंची कामं करण्यात उमेदीचा काळ गेला. दुसऱ्याच्या गेममधली हत्यारं, दुसऱ्याच्या गेममधली झाडं; गेम संपल्यावर येणाऱ्या नामावलीत आमच्या पोरांचं नाव कधी आलं नाही, याचं वाईट आजही वाटतं. सर्व्हर सांभाळणारे अण्णा निपाणीचे. ते गेमवाले नव्हतेच, बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहीत होते. चित्रांची सगळी बाजू खानापूरच्या ताईंकडे. लॉकडाऊनमध्ये तिघेही गावी परतलो, 2022 मध्ये फर्मची नोंदणी केली आणि बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ दोन खोल्या घेतल्या. त्याच सुमारास एका जागामालकांनी आयत्या वेळी नकार दिला होता. कर्नाटकात ऑक्टोबर 2021 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली होती. फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं त्यातली मुख्य कलमं रद्द केली. पण भाड्यानं जागा देणाऱ्याला एवढा तपशील कोण सांगणार? 'ऑनलाइन गेम' एवढंच त्याच्या कानावर गेलेलं.

आता कामाबद्दल. पहिला नमुना एका नावाजलेल्या इंजिनात, म्हणजे गेम बांधायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, केला होता. त्यात मराठी लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची आणि कानडीतली खाली लागणारी अक्षरं शेजारी उभी राहायची. बेळगावच्या गेममध्ये मराठी आणि कानडी दोन्ही नीट दिसायलाच हव्यात, यावर ताई अडून बसल्या. मार्च 2023 मध्ये गोडो इंजिनाची चौथी आवृत्ती आली. तिच्यात अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं. ताईंनी 'लक्ष्मी', 'राष्ट्र' असे शब्द टाकून पाहिले, मग कानडी मजकूर टाकला, आणि सगळं जागच्या जागी बसलं. त्याच दिवशी इंजिन ठरलं. पुढं सप्टेंबर 2023 मध्ये एका बड्या इंजिनवाल्यांनी प्रत्येक इन्स्टॉलमागे आकार लावायची घोषणा केली आणि वर्षभरानं मागे घेतली. त्या वर्षात इतर स्टुडिओंची झोप उडाली होती. आमच्यावर त्याचा ओरखडाही आला नाही, कारण गोडोचा परवाना पूर्ण मोकळा आहे आणि विक्रीवर कुणाला काही द्यावं लागत नाही.

ताईंचं काम बघायला लोक ऑफिसात येतात. चित्रं काढायचा जुना वाकॉम टॅब्लेट, त्याची काळी पाटी हात घासून मधोमध पांढरट झालेली. नवीन घेऊन दिला, तो कपाटात आहे. आमच्या दुनियेतली माती जांभ्याची लाल आहे, जंगल भीमगडाच्या बाजूचं आहे, देवळांची शिखरं हलशीच्या कदंबकालीन मंदिरांवरून घेतलेली आहेत. पावसाळ्यात कणकुंबीकडे धुकं कसं उतरतं, तसंच ते नकाशाच्या पश्चिमेला उतरतं. परदेशी किल्ले आणि ड्रॅगन विकत मिळतात, स्वस्तात मिळतात. आम्ही घेतले नाहीत.

आणि सर्व्हर. या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे की दिसतो तो गेम नव्हे, सर्व्हरवर चालतो तो गेम. आमचा सर्व्हर सेकंदाला दहा वेळा सगळ्या दुनियेचा हिशेब करतो, म्हणजे दर 100 मिलिसेकंदांनी. खेळाडूचा फोन फक्त 'मला इकडे जायचंय' एवढंच सांगतो. गेला की नाही, ते सर्व्हर ठरवतो. फोनवर विश्वास ठेवायचा नाही. बाजाराच्या चौकात 100 जण जमले आणि प्रत्येकाला प्रत्येकाची हालचाल कळवायची म्हटलं, की हिशेबाच्या एका फेरीत 10,000 च्या आसपास निरोप होतात. म्हणून नकाशाचे चौकोन पाडून ज्याला जे दिसतं तेवढंच पाठवायचं. हे सगळे करतात. अण्णांचं खरं कसब खातेवहीत आहे.

ऑनलाइन गेम लढाईत मरत नाहीत, ते चलनात मरतात. 1997 च्या अल्टिमा ऑनलाइन या गेमपासून हे चालत आलंय: दोघे देवघेव करत असताना मधेच सर्व्हर पडला, एकाचं सामान जतन झालं आणि दुसऱ्याचं राहिलं, की एका तलवारीच्या दोन तलवारी. ही युक्ती एकाला कळली की आठवड्यात बाजार झोपतो. अण्णांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "राक्षस नंतर काढा, आधी वही लिहू." आमच्या प्रत्येक तलवारीला, प्रत्येक घोंगडीला स्वतःचा क्रमांक आहे. देणं आणि घेणं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एकाच व्यवहारात नोंदलं जातं: दोन्ही झालं, नाहीतर काहीच झालं नाही. नोंद खोडायची नाही, चुकली तर उलट नोंद घालायची. बँकेत करतात तसंच. आमचं चलन होन. तो राक्षस मारल्यावर शून्यातून जन्मतो, म्हणून तो परत शून्यात जायची वाटही लागते: हत्याराची दुरुस्ती, घाटातला नाका, बाजारातली दलाली. नव्या पोरांना माझं सांगणं आहे की थ्रीडी शिकण्याआधी डेटाबेस शिका. रो लॉक, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत नोंदीला लावलेलं कुलूप, कशाला म्हणतात ते येत नसेल, तर ऑनलाइन गेमच्या वाटेला जाऊ नका.

इथं वडगावच्या मागवाल्या काकांबद्दल सांगितलंच पाहिजे. वडगाव-खासबागेत घरोघरी यंत्रमाग आहेत, काकांचेही आहेत. मुलाच्या फोनवर गेम बघितला आणि चाचणीच्या काळापासून ते आमचे खेळाडू झाले. एकदाही तलवार हातात न घेता ते आमच्या दुनियेतले मोठे व्यापारी आहेत. त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा माग चालू होते, खोलीत बोललेलं ऐकू येत नव्हतं. सुताच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानांवर त्यांनी आमच्या बाजारातले लोखंडाचे, मधाचे, घोंगड्यांचे रोजचे भाव मांडले होते. "काका, हे कशाला?" विचारलं. ओरडून म्हणाले, "धंदा करूलालो की! लोखंड रोज पडूलालंय. एवढं लोखंड कोण काढतंय रात्रीचं? माणूस झोपतो की नाही?" आम्ही नोंदी काढल्या. पंधरावीस खाती पश्चिमेच्या खाणीत दिवसरात्र एकाच चालीनं खोदत होती. माणूस नव्हताच, प्रोग्रॅम खेळत होता. ती खाती त्याच रात्री बंद केली. आमच्याकडे आलेख होते, डॅशबोर्ड होते, पण भाव बघायची नजर काकांची.

सुरळीत गेलेल्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 2024 मध्ये गेम सर्वांना खुला झाला, वर्गणी येत गेली, पगार वेळेवर होत गेले.

याच काळात शहरात एक मोठी कंपनी आली. तिचं नाव लिहीत नाही. पैसे लावून पत्ते खेळायचं ॲप, रोज जिंका, चौकाचौकांत फलक. तिनं आमची दोन पोरं दुप्पट पगारावर नेली. त्यातला नेटवर्कचा पोरगा अण्णांनी हाताला धरून घडवला होता. पगार वाढतो तिथं पोरं जाणार, त्यांच्याबद्दल राग नाही. राग याचा, की कॉलेजांच्या कार्यक्रमांत गेम उद्योगाचे मानकरी म्हणून त्यांना बोलावलं जायचं आणि आम्ही समोरच्या खुर्च्यांवर. पत्त्यांच्या ॲपला दुनिया लागत नाही, चित्रं लागत नाहीत, भाषा लागत नाही. मेहनत कुणाची आणि हार कुणाच्या गळ्यात, हे तेव्हा बघितलंय.

मग ऑगस्ट 2025 आला. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत मंजूर झालं आणि 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावायच्या खेळांना बंदी, ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्यांचे व्यवहार करू देणाऱ्या बँकांवरही कारवाई. आम्ही तो मसुदा ओळ न् ओळ वाचला आणि खरं सांगतो, आनंद झाला. कारण त्याच कायद्यात सोशल गेम वेगळे काढले आहेत, त्यांना वर्गणी घेण्याची मुभा आहे, आणि सरकारनं त्यांना उत्तेजन द्यावं असंही म्हटलंय. आपल्यासाठीच लिहिलाय, असं ताई म्हणाल्या.

आठवड्याच्या आत आमच्या पेमेंट गेटवेनं, म्हणजे खेळाडूंकडून वर्गणी गोळा करून आम्हाला देणाऱ्या कंपनीनं, खातं गोठवलं. कायद्याच्या अंमलाची तारीखही तेव्हा जाहीर झालेली नव्हती. महिनाअखेरीची वर्गणी त्यांच्याकडे अडकली, दर महिन्याला वर्गणी आपोआप कापणारं ऑटोपे बंद पडलं. 27 तारखेला गणपती बसले. सगळं बेळगाव आरतीत आणि आम्ही फोनवर. तिकडून ठरलेलं एकच उत्तर: आपला अर्ज तपासणीखाली आहे. पत्ते चालवणारी ती कंपनी तोवर फलक उतरवून निघूनही गेली होती. तिच्या पापाची शिक्षा आम्ही भोगत होतो.

कारण शोधलं आमच्या शहापूरच्या सीएंनी. कार्डवाल्यांच्या जगात प्रत्येक धंद्याला चार आकडी क्रमांक असतो. डिजिटल गेमचा 5816, जुगार-सट्ट्याचा 7995. करारावर सही झाली तेव्हा आमच्या कागदांवर 5816 होता. कधीतरी गेटवेकडच्या कुणीतरी तो बदलून 7995 केला होता आणि आम्हाला कळवलंही नव्हतं. नवा कायदा आल्यावर त्यांनी 7995 ची यादी काढली आणि बटण दाबलं. आमची सगळी मेहनत, ताईंचं जंगल, अण्णांची वही, त्यांच्या लेखी एक आकडा होती.

तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. ताईंनी स्वतःची ठेव मोडली. मुंबईतल्या सर्व्हरचं भाडं थकलं असतं तर दुनिया बंद पडली असती, आणि ऑनलाइन दुनिया एकदा बंद पडली की खेळाडू परत येत नाहीत. अण्णांनी सर्व्हर निम्मे केले, रिकामे नकाशे झोपवले, खेळाडू आला की जागा होईल अशी सोय एका रात्रीत लिहिली. दहा फेऱ्या सेकंदाला, त्या मात्र कमी केल्या नाहीत.

विसर्जनानंतर एका सकाळी वडगावचे काका दारात. बरोबर त्यांच्या टोळीतली चार पोरं, दोन मराठी, दोन कानडी. काकांनी पिशवीतून वही काढली. त्यात टोळीतल्या प्रत्येकाचं गेममधलं नाव, खरं नाव आणि पुढच्या वर्षाची वर्गणी लिहिलेली, आणि रबरानं बांधलेल्या नोटा. "पावती द्या," म्हणाले, "प्रत्येकाच्या नावाची. आणि कर लावून द्या." आम्ही प्रत्येकाला जीएसटीसकट पावती केली. त्या पावत्याच पुढं उपयोगी पडल्या. जिंकायची रक्कम कुठं नाही, फक्त वर्गणी आहे, हे दाखवायला त्याहून चांगला कागद नव्हता. सीएंनी त्या, कायद्यातलं सोशल गेमचं कलम आणि अण्णांच्या वहीचा उतारा, होन कधीच रुपयात बदलत नाही हे दाखवणारा, असं बाड करून पाठवलं. दसऱ्यानंतर 5816 परत मिळाला. अडकलेली रक्कम हप्त्याहप्त्यानं आली. दिलगिरीची एक ओळ आली नाही. ती येईपर्यंत मी हे विसरणार नाही.

जे कुणी वर्गणीवर काही चालवतात, गेम असो की शिकवणी, त्यांनी आजच आपला क्रमांक गेटवेकडून लेखी मागवून घ्यावा आणि दर तिमाहीला मागवावा. दोन गेटवे ठेवावेत. आणि घरावर कर्ज काढून ऑनलाइन गेम करू नये. हा धंदा पहिल्या दिवशी विकून मोकळं होण्याचा नाही, रोज चालवायचा आहे.

गेलेल्या दोघांपैकी नेटवर्कचा पोरगा परत आला आहे. अण्णांनी त्याला काही विचारलं नाही, जुनी खुर्ची दिली आणि चौकोनांचं काम पुढं करायला सांगितलं. भीमगडाच्या पलीकडचा नवा नकाशा तयार होतोय. त्यात गुऱ्हाळं आहेत, आणि गुळाचा बाजार कसा बसवायचा यासाठी काका दर रविवारी येऊन बसतात. आम्हाला आणखी एक माणूस हवा आहे: पोस्टग्रेस येणारा, कानडी आणि मराठी दोन्ही वाचणारा, बेळगावात राहायला तयार असलेला. प्रमाणपत्रं आणू नका. स्वतः लिहिलेलं काहीतरी चालू स्थितीत घेऊन या, अण्णा समोर बसून बघतील.