पट्टीच्या पाठीवरची कथा : जानेवारी ते जुलै

मंडळी, जानेवारीत मोठ्या तोंडानं म्हणाले होते, यंदा एक कथा पुरी करून दिवाळी अंकाला पाठवणारच. सात महिने झाले, आता हिशेब द्यायला हवा. हिशेब देणं हे तर माझं पोटापाण्याचंच काम.

नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. सकाळी साडेनऊला जायचं, संध्याकाळी सातला सुटायचं, सीझनला साडेआठही वाजतात. घरी दहावीतला मुलगा, सासूबाई, आणि मी वही उघडली की नेमका तेव्हाच ज्यांचा चष्मा सापडत नाही ते आमचे अहो.

जानेवारी पहाटे पाचच्या प्रयोगात गेला. सगळे सांगतात, पहाटे उठा, घर झोपलेलं असतं. अकरा दिवस उठले. एकूण 310 शब्द झाले, त्यातले निम्मे पहाटेच्या वर्णनाचे, कारण डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतंच. बाराव्या दिवशी दुकानात एका पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर, 84 पोत्यांची 48 पोती केली आणि प्रयोग थांबवला.

फेब्रुवारी : शून्य. नवी हळद यायला लागली की यार्डात श्वास घ्यायला सवड नसते. सौदे निघतात, काट्यावर पोती चढतात, वजनाच्या चिठ्ठ्या येतात, त्यावरून शेतकऱ्याची पट्टी करायची आणि तो समोर बाकावर बसलेला असतो, एसटी गाठायची असते त्याला. रात्री कपडे झटकले तरी उशीपर्यंत पिवळं होतं. त्या महिन्यात कथा सुचते का, असं विचारू नका.

मार्चमध्ये मात्र घोटाळा झाला. माझी कथा हरिपूरच्या पेवांवर आहे. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी : सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीच्या पोटात खोदलेली हळद साठवायची कोठारं. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद वर्षानुवर्षं टिकायची त्यात. 2005 च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं गेली आणि आता बहुतेक माल गोदामातच असतो. तर अशा एका पेवाच्या तोंडाशी बसून राहणारी म्हातारी माझ्या डोक्यात होती. दुकानात वाक्य सुचायचं, वही काढली तर मालक बघणार. म्हणून मी काय करायची, संगणकावर व्हाउचर भरताना शेऱ्याच्या रकान्यात वाक्य टाकायची, दुपारी डब्याच्या वेळी उतरवून घ्यायची आणि तिथून पुसायची. महिनाभर छान चाललं.

मार्चअखेरीला सीएच्या ऑफिसातला पोरगा कागद घेऊन आला. मालकांसमोरच विचारलं त्यानं, "मॅडम, ही साडेबारा हजारांची एंट्री आहे ना, तिच्या शेऱ्यात लिहिलंय, 'म्हातारीनं पायरीवरची माती चिमटीत घेतली आणि हुंगली.' हे कुठल्या खर्चाला टाकायचं?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बारदानाला टाक," म्हणाले, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या खर्चात. मला काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर जुन्या छापील पट्ट्यांची दोन बंडलं आणून ठेवलेली. 2017 साली जीएसटी आला तेव्हा बाद झालेली, पाठ कोरी. "तुम्हाला लागतील," एवढंच.

माझं सगळं लिखाण त्या बंडलांवर उभं आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते. सौदा उरकल्यावर वजनाची चिठ्ठी माझ्यापर्यंत यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आधी तेवढ्या वेळात मी मोबाइल चाळायची. आता एक पट्टी उलटी करते. बारकी पट्टी, त्यावर नव्वद-शंभर शब्दांवर मावतच नाही. सुरुवातीला याचा राग यायचा, पण झालं असं की एका पट्टीवर एकच गोष्ट येते. एक हालचाल, एक संवाद, नाहीतर नुसता वास. पुढचं-मागचं काही नाही. आणि हाक आली की कुठल्याही शब्दावर उठता येतं. पहाटेच्या शांततेत मला तीस शब्द सुचत नव्हते, आणि इथं हमाल "हां, घे, घे, घे" करत ट्रक भरत असताना पट्टी भरते. एप्रिल-मे मिळून 46 पट्ट्या झाल्या. पैकी नऊ फाडल्या. एक चुकून शेतकऱ्याच्या हातात जाता जाता वाचली.

मधे बोलून टाइप करायचंही करून पाहिलं, कारण तुमच्यापैकी दोघा-तिघांनी फार आग्रह केला होता. संध्याकाळी घाटावर चालत चालत मोबाइलला कथा सांगायची. निवेदन ठीक उतरतं. पण माझी म्हातारी म्हणते, "न्हाई रं बाबा, आत वारं न्हाई," आणि मोबाइल लिहितो, "नाही रे बाबा, आत वारे नाही." एकदम शाळामास्तरीण झाली बाई! संवाद लिहिणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांचं जमेल कदाचित.

पट्ट्यांचे फोटो मात्र रोज काढते. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात चार वह्या लगदा झाल्या. शाई गेल्याचं तेवढं वाटलं नाही, पण त्या वाळत घातल्यावर सासूबाईंनी विचारलं, "यात काय महत्त्वाचं होतं का गं?" आणि मला पटकन सांगता आलं नाही.

कुणीतरी विचारलं होतं, नोकरी सोडायचा विचार येतो का. येतो की, दर मार्चला. मग मला विष्णुदास भावे आठवतात. भावे सांगली संस्थानच्या पदरी होते, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी सांगितलं नाटक कर म्हणून, आणि 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. म्हणजे आपल्या नाटकाची सुरुवात हीच मुळी मालकानं सांगितलेलं काम! आमच्या मालकांना अशी हुक्की येणं कठीण. पण बंडलं दिली, हेही थोडं नाही.

जूनमध्ये आवक उतरली, पाऊस लागला, आणि मी पट्ट्या जमिनीवर पसरल्या. पत्त्यांसारख्या. क्रम लावायला तीन रविवार गेले. मुलगा वरून बघून म्हणाला, "आई, ही म्हातारी दोनदा मेली आहे." खरंच मेली होती, एप्रिलात एकदा आणि मेमध्ये एकदा. एप्रिलचं मरण ठेवलं. मधल्या फटी बुजवत सगळं टाइप केलं, 5,800 शब्द भरले. जोडकाम हे पट्टीच्या पद्धतीचं खरं दुखणं आहे, ते लपवत नाही. दोन पट्ट्यांमधली फट बुजवायला लिहिलेली वाक्यं लगेच ओळखू येतात, "इतक्यात", "तेवढ्यात", "दरम्यान" असली तोंडं असतात त्यांची. जुलैत ती काढत बसले. फट तशीच सोडली तरी वाचणारा उडी मारून येतो, हे हळूहळू कळतंय. आज 4,100 शब्द आहेत.

परवा धीर करून तात्यांना वाचून दाखवली. तात्या आमच्या दुकानातले सगळ्यात जुने हमाल, तरुणपणी हरिपुरात पेवात उतरलेले. पेव उघडल्यावर लगेच आत जात नाहीत, आत हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडून बघतात, हे मला त्यांनीच सांगितलेलं. कथेचा शेवट त्या कंदिलावरच आहे. कंदील खाली जातो, विझतो, आणि तरीही म्हातारीचा मुलगा उतरतो. मला वाटलं, तात्या गप्प होतील.

तंबाखू मळता मळता म्हणाले, "समदं खरं हाय म्याडम. पर त्येच्या कमरंला दोर कुठं हाय?"

"दोर?"

"बिनदोराचा कोण उतरतोय? वर एकजण दोर धरून बसतोयच. खालच्याचा आवाज आला न्हाई की वडायचं."

म्हणजे आता दोर आला. दोर आला म्हणजे वर तो धरणारा माणूस आला, आणि कंदील विझलेला दिसत असताना त्यानं दोर सोडत का नेला, हे आलं. एप्रिलचं मरण आणि मेचं मरण दोन्ही पट्ट्या पुन्हा बाहेर काढल्यात. अंकाला पाठवायला अकरा दिवस उरलेत, आणि पहिलं बंडल संपत आलंय.