‘सहा महिन्यांत पोटनिवडणूक’ हे अर्धेच वाक्य आहे

आमदाराची जागा रिकामी झाली की बातमीच्या शेवटी ठरलेली ओळ येते: सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेणे बंधनकारक आहे. ओळ चुकीची नाही, अर्धी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली कलम १५१-अ आले, आणि सहा महिन्यांच्या मुदतीला लागूनच त्यात दोन पळवाटा आल्या. उरलेला कार्यकाळ एक वर्षाहून कमी असेल तर ही मुदत लागू नाही. मुदतीत मतदान घेणे अवघड आहे असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तरीही नाही. कोर्टात गेलेली बरीच प्रकरणे या दोन वाक्यांवरच अडली आहेत.

आधी तारीख पक्की करा. निधन असेल तर प्रश्नच नाही. राजीनाम्यात मात्र पत्र दिल्याचा दिवस धरत नाहीत, विधानसभा अध्यक्षांनी तो स्वीकारल्याचा धरतात. राजीनामा स्वखुशीचा आणि खरा आहे का, हे तपासण्याचा अधिकार त्यांना आहे, त्यामुळे मधे बरेच दिवस जाऊ शकतात. दोन वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर दोषी ठरल्याच्या दिवसापासूनच आमदारकी जाते. पक्षांतरबंदीत अध्यक्षांचा आदेश महत्त्वाचा. आणि आमदार लोकसभेवर निवडून आला, पण चौदा दिवसांत आमदारकी सोडली नाही, तर आमदारकी राहते आणि खासदारकी जाते! म्हणून निकालानंतर राजीनाम्यांची घाई दिसते.

आता ते ‘एक वर्ष’. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे ३ नोव्हेंबर २०२३ रोजी निधन झाले. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. म्हणजे वर्ष पुरे होऊन वर तीन आठवडे. आयोगाने लोकसभेसोबत २६ एप्रिल २०२४ चे मतदान जाहीर केले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्चमध्ये ते रद्द केले. खंडपीठाने जागा कधी रिकामी झाली यापेक्षा नव्या आमदाराला किती काळ मिळणार हे पाहिले. लोकसभेची मोजणी ४ जूनला होती. तिथून धरले तर सहा महिनेही उरत नव्हते. सावनेरला हा पेचच आला नाही: तिथले आमदार सुनील केदार २२ डिसेंबर २०२३ रोजी दोषी ठरले, तेव्हा कसेही मोजले तरी वर्षाहून कमीच उरत होते.

त्याच सुमारास हरियाणात कर्नालची जागा १३ मार्च २०२४ ला मनोहरलाल खट्टर यांच्या राजीनाम्याने रिकामी झाली. विधानसभेचे आठ महिनेही शिल्लक नव्हते. तिथे पोटनिवडणुकीला दिलेले आव्हान पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने फेटाळले आणि २५ मे रोजी मतदान झाले. फरक एवढाच की उमेदवार होते नायबसिंह सैनी, जे आमदार नसताना मुख्यमंत्री झाले होते आणि राज्यघटनेप्रमाणे त्यांना सहा महिन्यांत निवडून येणे भाग होते. वर्षाहून कमी काळ उरला तर मुदत सुटते, पण मतदान घ्यायला बंदी येते का? कलमात तसे शब्द नाहीत. माझ्या मते संसदेने एक ओळ घालून हे मिटवायला हवे. नाहीतर प्रत्येक विधानसभेच्या पाचव्या वर्षी हाच वाद होणार.

‘अवघड आहे’ ही दुसरी पळवाट पुणेकरांनी चांगलीच पाहिली. आमदार मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ ला निधन झाले आणि कसबा पेठेत २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदानही झाले. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ ला निधन झाले, लोकसभेचे चौदा महिन्यांहून अधिक शिल्लक होते, तरी पुण्याची पोटनिवडणूक झालीच नाही. इतर निवडणुकांची कामे आहेत, नव्या खासदाराला काळ थोडा मिळेल, ही आयोगाची कारणे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये नाकारली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि विषय संपला.

तिसरे कारण कलमात लिहिलेले नाही, पण जागा सर्वात जास्त काळ तेच अडवते: निवडणूक याचिका. मूळ निकालाला आव्हान देऊन हरलेल्या उमेदवाराने ‘मलाच विजयी घोषित करा’ अशी मागणी केली असेल, तर आयोग थांबतो. उद्या कोर्टाने त्याला विजयी ठरवले तर एका जागेवर दोन आमदार होतील. कर्नाटकात २०१९ च्या आमदारांच्या बंडानंतर पंधरा जागांचे मतदान ५ डिसेंबर २०१९ ला झाले, पण मस्कीचे थेट १७ एप्रिल २०२१ ला. अयोध्येतील मिल्कीपूरही असेच मागे राहून ५ फेब्रुवारी २०२५ ला झाले. जागा रिकामी होताच इच्छुकाने पहिली चौकशी हीच करावी.

अधिसूचना निघाली की पुढचे दिवस कायद्याने बांधलेले असतात. सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते आणि तिथून किमान चौदा दिवसांनी मतदान. कसब्यात अधिसूचना ३१ जानेवारीला, अर्ज ७ फेब्रुवारीपर्यंत, छाननी ८ ला, माघार १० ला. मतदान आधी २७ ला होते, बारावीच्या परीक्षेमुळे एक दिवस अलीकडे आले.

अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतात. अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. अधिकृत उमेदवार असल्याचा पक्षाचा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचला नाही तर पक्षाचे चिन्ह हुकते. शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नये. लागू नसेल तर तसे लिहावे. खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे. मर्यादा ४० लाख रुपये, आणि हिशेब निकालानंतर तीस दिवसांत.

नोकरीत असलेल्याने राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र आधी हातात घ्यावे. अंधेरी पूर्वमध्ये २०२२ साली ऋतुजा लटके यांचा महापालिकेतील राजीनामा मंजूर होत नव्हता. १३ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि अर्जाची शेवटची तारीख होती १४. तिथे पुढे भाजपने माघार घेतली, तरी बाकीचे उमेदवार राहिल्याने मतदान टळले नाही. ‘नोटा’ला १२,८०६ मते पडली, म्हणजे दुसरा क्रमांक. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मते लागतात, त्या हिशेबात ‘नोटा’ची मते धरत नाहीत.

आचारसंहितेची हद्दही नीट पाहावी. मतदारसंघ महापालिका क्षेत्रात असेल तर ती त्या मतदारसंघापुरती, ग्रामीण असेल तर अख्ख्या जिल्ह्याला. देगलूरच्या पोटनिवडणुकीने नांदेड जिल्ह्यातल्या दूरच्या तालुक्याचे भूमिपूजनही थांबते, ते यामुळे.

मतदारांसाठी सर्वात उपयोगाचे: अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते. नाव नोंदणीचा नमुना ६ भरल्यावर हरकतींसाठी सात दिवस जातात, म्हणून कार्यक्रम जाहीर झाल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही. जागा रिकामी झाल्याचे कळले त्याच आठवड्यात नाव तपासा. घरातल्या ८५ वर्षांवरील किंवा ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदाराला घरून मत द्यायचे असेल, तर नमुना १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो.