माया संपली

भाचीचं लग्न महिन्यावर आलं म्हणून पैठणीवरचा ब्लाउज घालून बघितला. बाही दंडातच अडकली, हुक तर चार बोटं लांब. टेलरताईंकडे नेला. त्यांनी आतून उलटा केला आणि म्हणाल्या, "ताई, यात माया राहिलीच नाही. मागच्या वेळी होती तेवढी सगळी सोडली." बाजूला उसवलेल्या टाक्यांच्या तीन रेघा दिसत होत्या. पहिली माझ्या लग्नातली, दुसरी धाकट्याच्या बारशाची, तिसरी लॉकडाऊननंतरची. शेवटी काखेखाली पट्टी जोडून निभावलं. मांडवात मावससासूबाई म्हणाल्याच, "तब्येत छान सुधारली हं!" (यावर काय बोलायचं असतं, कुणाला माहीत असेल तर सांगा.)

घरी आल्यावर भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं. काटा दोन किलोंनी उतरला, पोट मात्र होतं तिथेच. चिडचिड एवढी की मी आले की मुलगा स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा.

वय ४८, पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. त्यासाठी डॉक्टरांकडे गेले. थायरॉईड ठीक निघालं, पण एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांनी वजनाआधी टेप घेतला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजलं तर ९१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८०च्या पुढे धोका धरतात. इस्ट्रोजेन कमी होऊ लागलं की मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते, स्नायू वयानुसार घटतातच, आणि उपाशी राहिलं की आणखी घटतात, असं त्यांनी समजावलं. मी तेच करत होते!

मग रोज चालणं आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं. सुरुवात पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनी, नंतर दोन-दोन किलोंचे डंबेल्स. उठाबशा काढताना शाळेतल्या बाई आठवायच्या. भात परत आला, वाटीभरच. वरण, उसळ, अंडी, दही वाढलं.

आठ महिन्यांनी कंबर ८६, एचबीएवनसी ५.६. वजन जेमतेम दीड किलो कमी, त्यामुळे मावससासूबाईंना काही फरक दिसणार नाही.

परवा नवा ब्लाउज शिवायला टाकला. टेलरताईंनी माप घेतलं, वहीत लिहिलं आणि विचारलं, "थोडा घट्ट शिवू? बारीक होताय ना?"

"नको, आजच्या मापाचाच शिवा. माया दोन इंच सोडा."

"दीड पुरे," त्या म्हणाल्या.