पूर यायच्या आधी देवळाची, मशिदीची, चर्चची किल्ली कुणाकडे?

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठी माणसं मिळेल त्या उंच जागी गेली. त्यात भक्तनिवास होते, मशिदी-मदरसे होते, चर्चचे हॉल होते, गावची मंगल कार्यालयं होती. प्रार्थनास्थळाकडे जे असतं ते तहसील कचेरीकडे नसतं: मोठी भांडी, ती वापरणारे हात, लाउडस्पीकर, आणि कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय याची माहिती. फक्त यातलं काहीच आधी ठरलेलं नसतं. ते मे महिन्यात, पाऊस नसताना, तलाठी आणि ग्रामसेवकांना समोर बसवून ठरवायचं.

पहिला प्रश्न जागेचा. घाटावरचं देऊळ निवाऱ्याच्या यादीतून सरळ वगळा. नृसिंहवाडीचं दत्त मंदिर तर जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातं. पण शिकण्यासारखी गोष्टही तिथेच आहे. पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवायची, हे तिथे ठरलेलं असतं. पाणी दारात आल्यावर कुणी बैठक बोलावत नाही. देवासाठी जी शिस्त आहे तीच आळीतल्या म्हाताऱ्यांसाठी लावायची, एवढंच मागणं आहे.

इमारत निवडताना २०१९ ची पाण्याची खूण शोधा आणि जोतं तिच्या वर निदान दोन फूट आहे का ते मोजा. मग रस्ता बघा. इमारत कोरडी आणि तिच्याकडे जाणारा रस्ता छातीभर पाण्यात, असं झालं की आत अडकलेल्यांना बोटीनं जेवण पोचवावं लागतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसं भरलेली बोट उलटली, ती लोकांना बाहेर काढतानाच. बोट लागण्याआधीच माणूस हललेला बरा.

आता क्षमता. विश्वस्त म्हणतात, "आमच्या सभामंडपात दोनशे माणूस बसतं." कीर्तनाला बसतं, झोपत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषानुसार माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा लागते. ४० बाय ६० फुटांच्या मंडपात हिशेबानं ६३ माणसं मावतात. जायची-यायची वाट आणि सामान धरलं तर पंचावन्न. हाच आकडा भिंतीवर लिहा. त्याच निकषांत तीस माणसांमागे एक शौचालय आहे, आणि बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. पंचावन्न माणसांना दोन लागतात. असतं एक, तेही मागे, अंधारात, कडी नसलेलं. कडी आणि दिवा मे महिन्यातच लावून घ्या.

पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर, वापराचं पंधरा. टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. ती थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. आणि गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरू नका. दमट कोठीत पावडरीतला क्लोरीन उडून जातो, पिशवीच्या तोंडाला नुसता वास राहतो आणि सगळ्यांची समजूत होते की पाणी शुद्ध झालं. आरोग्य सेवकाकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करून घ्या. पाण्याला पिवळी छटा आली पाहिजे.

यानंतरचे प्रश्न कुणाला विचारायला आवडत नाहीत. पाळी आलेली बाई मंडपात झोपू शकेल का? दलित वस्तीतली कुटुंबं न बोलावता येतील का, आणि आल्यावर पंगतीत कुठे बसतील? दुसऱ्या धर्माचा माणूस आपली नमाज किंवा प्रार्थना कोपऱ्यात करू शकेल का? उत्तर "नाही" असेल तर त्या वास्तूला निवारा म्हणू नका, धान्याचं कोठार करा. त्यातही काम आहे, आणि ऐन पुरात होणारा अपमान टळतो. बऱ्याच ठिकाणी गाभाऱ्यापासून लांब असलेलं भक्तनिवास, मदरशाची खोली किंवा चर्चमागचा हॉल दिला की हा पेच पडतच नाही. दुसऱ्या बाजूनं, मदत घेणाऱ्याच्या हातात पत्रक ठेवायचं नाही, शिधा देताना प्रार्थनेला बसवायचं नाही, बॅनरपुढे फोटो काढायचा नाही. धर्मांतराचा संशय एकदा गावात शिरला की चर्चच्या हॉलमध्ये पुढच्या पुरात कुणी पाय ठेवत नाही. म्हणून हे तिन्ही नियम लिहून दाराला लावा.

लाउडस्पीकर. पाणी शिरू लागलं की महावितरण वीज बंद करतं, आणि नेमका तेव्हाच भोंगा मुका होतो. बारा व्होल्टची बॅटरी आणि तिच्यावर चालणारा अॅम्प्लिफायर हवा. रात्री दहानंतर बंदी आहे म्हणून कुणी अडवलं, तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतच सार्वजनिक आणीबाणीला सूट आहे. घोषणेत नदीची पातळी नुसती फुटांत सांगून भागत नाही. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची ३९ आणि ४३. पण पुलाला ४३ असताना आपल्या बोळात पाणी कुठवर येतं, हे जुन्या माणसांना विचारून भिंतीवर ऑइल पेंटनं रंगवा. सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरातल्या माणसाला त्या रेघेवरून कळतं की आता गादी गुंडाळायची.

याद्या करायच्या त्या घरपट्टीच्या क्रमानं नाही, हलवायच्या क्रमानं: डायलिसिसवाले, गरोदर बाया, एकट्या म्हाताऱ्या, मग बाकीचे. प्रत्येक नावापुढे उचलणाऱ्या दोघांची नावं. जनावरांची सोय वेगळी लिहा. गोठा सोडून जायला नको म्हणून कितीतरी कुटुंबं शेवटपर्यंत हलत नाहीत, त्यामुळे यात्रेचं मैदान आणि चाऱ्याची एक गाडी हे दोन्ही आधीच बोलून ठेवा.

स्वयंपाकाचं फार सांगायला नको, महाप्रसाद करणाऱ्यांना ते येतं. शंभर माणसांच्या एका वेळच्या खिचडीला नऊ किलो तांदूळ, चार किलो मूगडाळ. सिलिंडर मात्र उंचावर, साखळीनं बांधून. पुरात ते तरंगत जातात. जनरेटर बंद खोलीत लावू नका, धुरानं माणूस झोपेतच जातो.

पाणी ओसरलं की बाहेरचे ट्रक येतात आणि हमरस्त्यालगतच्या गल्लीत एका घराला चार किट पोचतात, आतल्या वाडीला एकही नाही. सगळ्या संस्थांनी मिळून एकच वही आणि एकच कूपन ठेवावं. जुने कपडे घेणार नाही, असं पहिल्याच दिवशी जाहीर करावं, नाहीतर मंडपात चिंध्यांचा ढीग साचतो आणि चार माणसं तो हलवण्यातच अडकतात. त्याऐवजी फावडी, घमेली, गमबूट, फिनेल मागावं. चिखल ओला असतानाच काढायचा. पण त्याआधी पाण्याची खूण दिसेल असे घराचे फोटो काढून ठेवा, कारण घर लख्ख धुतल्यावर पंचनाम्याला दाखवणार काय? भाडेकरू तर बऱ्याचदा पंचनाम्यातून सुटतात, घर मालकाच्या नावावर म्हणून. तिथे देवस्थानाची किंवा चर्चची जुनी यादी आणि शेजाऱ्यांची सही घेऊन तलाठ्यांकडे जाणारा माणूस लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात स्वयंसेवक परतलेले असतात, तेव्हा हे काम उरतं गावातल्याच संस्थेवर.

कागद दोन. एक, विश्वस्त मंडळाचा ठराव: जागा कुणाच्या सांगण्यावरून उघडायची, वीजबिल कोण भरणार, किल्ल्या कोणत्या तिघांकडे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ नुसार प्रशासन जागा ताब्यात घेऊ शकतं आणि ६६ मध्ये भरपाईची तरतूद आहे, पण ठराव असला की तिथपर्यंत वेळ येत नाही. दुसरा कागद पैशांचा. परदेशातल्या नातलगानं मदत पाठवली, तर तो भारतीय नागरिक आहे का, हे आधी विचारा. भारतीय पासपोर्टवाल्याची स्वतःची बचत बँकेतून आली तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्याची धरतात. ती घ्यायला संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याची (एफसीआरए) नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणून ज्या संस्थेकडे ही नोंदणी आहे तिनं खर्च स्वतः करावा, आणि शेजारच्या देवळाला, मशिदीला यादी नि माणसं पुरवायला सांगावं.