तळेगावात नाव लागेपर्यंत

धनकवडीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही तळेगाव दाभाड्यात, स्टेशन भागात, रिसेलचा फ्लॅट घेतला. खरेदीखत झालं, सूची दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू) हातात आली. पण नगरपरिषदेच्या घरपट्टीवर आपलं नाव लागायला वेगळा अर्ज करावा लागतो.

खरेदीखताची प्रत, सूची दोन, सोसायटीचं पत्र असं सगळं घेऊन कर विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी संगणकात पाहून सांगितलं, "पाणीपट्टी बाकी दिसतेय. ती शून्य झाली की नाव बदलू." बाकी आधीच्या मालकांची. ते ठाण्याला. "पाठवतो की" म्हणाले, आणि मग फोन उचलेनात. शेवटी व्यवहार जमवणाऱ्या एजंटालाच मध्ये घातलं, तेव्हा कुठे पैसे आले. जे अजून घर शोधताहेत त्यांनी घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटी आणि वीजबिल या चारही पावत्या खरेदीखताच्या आधीच डोळ्यांनी बघाव्यात. सही झाल्यावर विकणाऱ्याला कशाचीच घाई नसते. बाकी फिटल्यावर मात्र पुढचं काम सुरळीत झालं. खिडक्या मोजक्या, तीच माणसं रोज बसलेली, दुसऱ्या खेपेला ओळख लागते. पुण्यात मला ते सुख कधी मिळालं नव्हतं.

रेशनकार्डाचं काम नगरपरिषदेत नाही, वडगावला, मावळ तालुक्याच्या तहसील कचेरीत. आधी पुण्याच्या परिमंडळ कार्यालयातून (तिथलं रेशनचं कार्यालय) नाव कमी करून दाखला आणायचा, मग वडगावच्या पुरवठा शाखेत द्यायचा. तळेगावहून लोकलने पुढचंच स्टेशन, पण सकाळचीच गाडी गाठा. दुपारी बराच वेळ लोकल नसते.

हळूहळू लक्षात आलं की आम्ही नक्की कुणाचे, हे कामावर ठरतं. पाणी आणि कचरा नगरपरिषदेचा. तहसील वडगावला. गाडीचा नंबर एमएच-14, म्हणजे पिंपरी-चिंचवडचा. तळेगावचं पोलीस ठाणंही 2018 साली झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, आणि शेजारचं वडगाव मात्र पुणे ग्रामीण पोलिसांकडे. लोकसभेचा मावळ मतदारसंघ तर घाट उतरून थेट पनवेल-उरणपर्यंत जातो! बायकोच्या पासपोर्टची चौकशी कुठून होणार, हे आम्ही शेजारच्या काकांना विचारून घेतलं. ते इथले जुने. त्यांच्या लेखी दाभाड्यांचा वाडा, डोळसनाथाचं देऊळ आणि तळं असलेलं 'गाव' तेच खरं तळेगाव. स्टेशनकडचे आम्ही सगळे नंतर आलेले. 1908 साली लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेला पैसाफंडाचा काच कारखाना स्टेशनकडे वस्ती वाढण्याच्या कितीतरी आधीचा, हेही त्यांनीच ऐकवलं. कागदपत्रांच्या यादीपेक्षा त्यांचं ऐकून माझं जास्त काम झालं.

आधारवरचा पत्ता बदलताना एक पाहा: तळेगावात 410506 आणि 410507 असे दोन पिनकोड चालतात. आपला कोणता ते पोस्टात विचारून घ्या, कारण पुढे सगळीकडे आधारचीच प्रत लागते.

मतदारयादीचं काम त्यामानाने सोपं. पत्ता बदलायचा फॉर्म 8 घरबसल्या भरला. काही दिवसांनी आमच्या भागाची मतदारयादी बघणाऱ्या बीएलओ ताई घरी आल्या, वीजबिल बघितलं, चहाला नको म्हणाल्या आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आम्हालाच विचारून जिना चढल्या.